बडेदादांची विहीर

मंडळी, आमच्या घरात कोणी पोरगं उन्हं वर येईपर्यंत लोळत पडलं, की त्याला एक वाक्य हमखास ऐकावं लागायचं. ‘बडेदादांनी एकट्यानं विहीर खणली, आणि तुला गोधडी सोडवत नाही!’ दादीनं हे अब्बांना ऐकवलं, अब्बांनी मला आणि मी माझ्या मुलाला. बडेदादा म्हणजे अब्बांचे आजोबा, माझे पणजोबा. त्यांचा फोटो नाही. कबर होती, तिच्यावरून आता पाणी वाहतं. मोटेच्या चाकाचा एक लोखंडी कणा तेवढा घरात शिल्लक आहे. तो रात्री दाराला अडसर म्हणून लावतात.

गाव इंदापूर तालुक्यातलं, भीमेच्या काठचं, पळसदेवपासून फार लांब नव्हे. १९६६ साली उजनी धरणाचं काम सुरू झालं आणि १९८० साली ते पुरं झालं. मधल्या काळात केव्हातरी आमची बैलगाडी भरली गेली. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. घराची चौकट काढून गाडीत टाकताना अब्बा रडले होते, एवढं आठवतं. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. बडेदादांचं खरं नावही सांगणार नाही. त्याचं कारण पुढे येईल.

बडेदादांविषयी घरात तीन गोष्टी चालत. पहिली विहिरीची. दुसरी अशी, की सावकारानं आम्हाला लुटलं. आणि तिसरी, ते कर्ज मुळात झालं बडेदादांच्या बहिणीच्या लग्नापायी. या बहिणीला गोष्टीत नाव नव्हतं. ‘बहिरी फुफी’ एवढंच. आमच्या घरात दखनी बोलतात आणि शेतात मराठी. पण या तीन गोष्टी दोन्ही भाषांत सारख्याच सांगितल्या जात.

विहिरीवर मी एक कविताही लिहिली आहे. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आपल्या भाषेत आपलं घर सांगायचं, अशी एक हवाच तेव्हा आमच्यासारख्या पोरांच्या डोक्यात शिरली होती. त्या हवेत ही कविता आली. एकटा माणूस, पहार, काळा पाषाण आणि शेवटी पाणी. लोकांना आवडली. पुढची तीस वर्षं मी ती म्हणत राहिलो. टाळ्या कुठे पडतात तेही पाठ झालं होतं.

कागदांच्या वाटेला लागलो तो मात्र कवितेसाठी नव्हे. २०२३ साली मुलानं प्रकल्पग्रस्ताचा दाखला काढायचं मनावर घेतलं. त्यासाठी संपादन झालेल्या जमिनीचा निवाडा हवा, बुडालेल्या शेताचा सातबारा हवा, वारसांची साखळी हवी. अब्बांची पत्र्याची ट्रंक माळ्यावरून खाली काढली. वर रेशनकार्डं, खाली शेतसाऱ्याच्या पावत्या आणि अगदी तळाशी मेणकापडात गुंडाळलेलं एक मोडी बाड. अब्बांना मोडी येत नव्हती. पण त्यांनी ते स्थलांतरात टाकलं नव्हतं, हे विशेष.

आणि योगायोग बघा. त्याच वर्षी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेले रुमाल सोडले जाऊ लागले. मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. असेच एक निवृत्त शिक्षक मला अभिलेख कक्षाच्या व्हरांड्यात भेटले. डोळ्यांवर दोन-दोन चष्मे चढवून वाचायचे. मी नाव सांगितल्यावर हसून म्हणाले, ‘तुमचं काही कुणबी निघायचं नाही बरं का.’ मी म्हटलं, ‘गुरुजी, शेतकरी निघालं तरी पुष्कळ.’ तेवढ्यावर आमची गट्टी जमली.

इथे थोडं इंदापूरविषयी सांगायला हवं. किल्ले, लढाया यांच्या इतिहासात हा तालुका फारसा येत नाही. पण जमिनीच्या कागदांचा इतिहास लिहायचा तर सुरुवात इथूनच करावी लागेल. इंग्रजी अमलात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं १८३०च्या आसपास केलेल्या मोजणीत सारा इतका जबर बसला, की लोक जमिनी टाकून जाऊ लागले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्यानं मोजणी केली आणि १८३६ साली इंदापुरात तीस वर्षांच्या मुदतीची जमाबंदी बसवली. शेताला नंबर द्यायचा, मातीचा रंग आणि खोली बघून प्रत ठरवायची, त्यावर सारा आकारायचा. मुंबई इलाख्यातल्या पुढच्या जमाबंदीला हाच नमुना लागला. आज आपण ‘सर्व्हे नंबर’ म्हणतो, त्याचं हे मूळ.

मुदत संपल्यावर सारा वाढला. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात चढलेले कापसाचे भाव तोवर उतरले होते. शेतकरी सावकाराकडे गेला. १८७५च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची खतं मागितली आणि जाळली. हे लोण इंदापूरपर्यंत आलं. त्यातून १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. न्यायाधीशानं नुसता रोखा बघायचा नाही, व्यवहार पहिल्यापासून तपासायचा, खरं देणं किती ते ठरवायचं आणि हप्ते बांधून द्यायचे, अशी सोय त्यात होती. हे एवढं लक्षात ठेवा. बडेदादांचा आणि या कायद्याचा पुढे संबंध येतो.

तर आमच्या नंबराची सगळ्यात जुनी नोंद सापडली तिच्यात खातेदार म्हणून बडेदादांच्या आजोबांचं नाव होतं. पुढे शब्द ‘मुलाणा’. आपण विजापूरच्या फौजेतून आलो, अशी घरात समजूत. आमचे एक चाचा तर तलवारीचं वजनही सांगायचे. निघालो बारा बलुत्यांतले. जत्रेला बकरं हलाल करून देणारे, खळ्यावर पेंढी मागणारे आणि बाकी वर्षभर शेत कसणारे. मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. फौज आज आहे, उद्या निघून जाते. बलुतं गावाशी बांधलेलं असतं.

बडेदादांचा जन्म ‘मोठ्या दुष्काळात’ झाला असं सांगत. म्हणजे १८७६ ते १८७८च्या मधला. नोंद नाही. १८९६-९७चा दुष्काळ आला तेव्हा ते विशीचे असणार, आणि पुन्हा १८९९-१९००चा आला तेव्हा घरात बाप नव्हता. त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, हे मात्र घरात सगळ्यांना माहीत. नीरा डावा कालवा तोवर सुरू झाला होता. पण तो तालुक्याच्या नीरेकडच्या अंगाला. आम्ही भीमेकडचे. नदी डोळ्यांसमोर आणि शेत कोरडं.

आता एक बारकी गोष्ट सांगतो. मला ती कळायला चार महिने लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सरकारला मुख्यतः सारा भरणारा माणूस हवा होता. खातेदार म्हणून एक नाव लावलं की सरकारचं काम भागे. त्या नावामागे घरात कोणाकोणाचा वाटा आहे, याच्याशी दप्तराला कर्तव्य नव्हतं. १९०३ साली हक्कनोंदीचा कायदा झाला आणि पहिल्यांदा दप्तर विचारू लागलं, की या जमिनीत हक्क कोणाकोणाचा? कसणारा कोण, गहाणदार कोण, वारस कोण? हळूहळू गावोगाव ही पत्रकं तयार झाली. आमच्या गावचं १९१३ सालचं मिळालं.

गुरुजी बोट ठेवून वाचत होते. मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्वदीर्घ बघत नाहीत. ओळ म्हणजे मालगाडीसारखी एकसलग. सर्व्हे नंबर आला. क्षेत्र अठरा एकर बारा गुंठे. बडेदादांचं नाव आलं. ‘नजरगहाण’ असा शब्द आला, म्हणजे जमीन सावकाराकडे गहाण, पण ताबा आपल्याकडे. आणि मग गुरुजी थांबले. म्हणाले, ‘इथे अजून एक नाव आहे. बाईचं. भ्रतार अमुक, बहीण.’

बडेदादांच्या नावाखाली त्यांच्या बहिणीचं नाव होतं. नुसतं फुफी नव्हे, पुरं नाव, नवऱ्याच्या नावासह. आणि त्या नावाभोवती वेगळ्या शाईनं कंस केलेला होता. मंडळी, सातबारा बघणाऱ्या माणसाला कंसाचा अर्थ सांगावा लागत नाही. नाव खोडायचं नाही, पुसायचं नाही. दोन बाजूंनी दोन चंद्रकोरी काढायच्या, की माणूस जमिनीबाहेर. कंसाशेजारी फेरफाराचा नंबर होता.

तो फेरफार १९१९ सालच्या मे महिन्यातला निघाला. आधीचं १९१८ साल कसं होतं, हे जुन्या माणसांना विचारावं. पाऊस गेला आणि पावसामागून इन्फ्लुएन्झाची साथ आली. फेरफारात तिच्या नावापुढे ‘विधवा’ असा शब्द नव्यानं आला आहे. १९१३ सालच्या नोंदीत तो नाही. मजकूर चार ओळींचा. बहिणीनं समक्ष जबाब दिला, की भाऊ जमीन वाहतो, माझा काही हक्क सांगणे नाही, राजीखुशीनं सोडते. खाली डाव्या हाताचा अंगठा. सर्कलची सही. बस.

शरीयतीप्रमाणे बापामागे मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक. त्यांची आई आधीच वारली होती. म्हणजे अठरा एकर बारा गुंठ्यांतले सहा एकर चार गुंठे तिचे. मी हा हिशेब व्हरांड्यातच वहीच्या मागच्या पानावर केला.

इथे एक विचित्र गोष्ट लक्षात येते. १९१९ साली आमच्या शेजारच्या हिंदू घरातल्या लेकीला असा अंगठा द्यावाच लागला नसता. कारण भाऊ असताना बापाच्या जमिनीत तिला वाटाच नव्हता. फुफीला होता, म्हणून तो सोडवून घ्यावा लागला, आणि सोडवून घेतला म्हणूनच आज शंभर वर्षांनी मला तिचं नाव कागदावर वाचायला मिळालं. हक्क असल्याचा पुरावा हक्क गेल्याच्या कागदातच सापडला. पुढे १९३७ साली शरीयतीचा कायदा झाला, त्यातही शेतजमीन वगळलेली होती. आणि १९५६ साली हिंदू वारसा कायदा आल्यावर सगळ्याच जातींच्या बहिणींचे जबाब फेरफारांच्या वह्यांतून दिसू लागतात. शब्द तेच. राजीखुशी तीच. त्या एका बाबतीत आमच्या गावात कमालीचा सलोखा होता.

‘राजीखुशीनं’ हा शब्द खरा की खोटा, हे मी ठरवू शकत नाही. नवरा साथीत गेलेला, सासर संपलेलं, पोटी मूल नाही, भावाच्या ओट्यावर येऊन बसलेली चाळिशीकडची बाई. तिच्यासमोर कुलकर्णी वही उघडून बसले आहेत आणि शेजारी भाऊ उभा आहे. ती दुसरं काय बोलणार होती? पण म्हणून भाऊ लबाड, असंही मला म्हणता येत नाही. कारण पुढचाच कागद.

पुढचा कागद तगाईचा. विहिरींसारख्या कामांना सरकार १८८३च्या कायद्यानं तगाई देत असे, जमीन तारण ठेवून. अंगठ्यानंतर दोन महिन्यांनी आमच्या नंबरावर विहिरीच्या तगाईचा बोजा चढला आहे. म्हणजे क्रम असा, की दुष्काळ पडला, विहीर खणायचं ठरलं, तगाई हवी होती, तारणाला जमीन स्वच्छ एका नावावर असली की काम सोपं. म्हणून बहिणीचा जबाब. बहुधा त्या उन्हाळ्यात दोघं भावंडं याच गोष्टीवर बोलली असतील. बहुधा तीही म्हणाली असेल, पाणी तर लागू दे आधी. हे मी रचतो आहे, कागदात नाही. कागदात एवढंच आहे, की बडेदादांनी एकट्यानं खणलेल्या विहिरीखाली सहा एकर चार गुंठे दुसऱ्याचे होते.

मेणकापडातलं बाड वाचायला गुरुजींना तीन दुपारी लागल्या. ती १८७९च्या कायद्याखाली झालेल्या दाव्याच्या हुकूमनाम्याची नक्कल होती, साल १९२४. कोर्टानं व्यवहार पहिल्यापासून तपासला होता, त्यामुळे पहिला रोखा कशासाठी झाला हेही लिहिलेलं. १९०० साल, रुपये पंचाहत्तर, कारण: बैलजोडी. त्या दुष्काळात दावणी रिकाम्या झाल्या होत्या. आमचीही झाली असणार. पेरायचं तर बैल हवेत, बैलाला पैसे हवेत, म्हणून जमीन गहाण. लग्नाचा कुठे उल्लेख नाही. फुफीचं लग्न त्याआधीच झालेलं होतं.

हे ऐकल्यावर मी गुरुजींना पुन्हा वाचायला लावलं. शंभर वर्षं आमच्या घरात ते कर्ज तिच्या पदरात बांधलेलं होतं. ‘तिच्या लग्नात घर बुडालं,’ असं दादी म्हणायची, अब्बा म्हणायचे. का म्हणायचे, ते आता समजतं. बहिणीचा वाटा घेतला, या गोष्टीला काहीतरी टेकू लागतो. लग्नात खर्च केला, हा टेकू आपल्याकडे कोणत्याही घरात तयार मिळतो.

आणि सावकार? त्यानं साडेचारशेच्या वर मागितले होते. कोर्टानं एकशेनव्वद ठरवले, सहा वर्षांचे हप्ते बांधले. सावकारानं अपील केलं नाही. १९३० साली गहाण फिटल्याचा फेरफार आहे, त्यावर त्याची स्वच्छ सही आहे. साडेचारशे मागणारा माणूस संत नव्हता हे उघड आहे. पण ‘लुटलं’ म्हणावं तर जमीन आमच्याकडेच राहिली. ती ज्याच्याकडून गेली ते माणूस घरातच जेवत होतं.

बडेदादांचं खरं आयुष्य मला भेटलं ते पीकपाहणीच्या कागदांत. तिथे ना रडगाणं, ना बढाई. १९१८-१९ला सगळा नंबर ‘पड’. त्याआधी बाजरी, जोंधळा, हुलगा, मटकी. कोरडवाहू माणसाचं ताट. १९२१ नंतर एका कोपऱ्यात बागायत दिसायला लागते. आधी वीस गुंठे, मग एकर, मग दोन. गहू, कांदा, मिरची. एका मोटेच्या पाण्यावर याहून जास्त होत नाही. ज्या वर्षी हप्ता जड असेल त्या वर्षी कांदा जास्त. बाईंडिंग सुटलेल्या त्या वहीवर मी एक दिवस उपाशी बसून होतो. दर साल तोच माणूस, तोच नंबर, आणि रकान्यात अर्धा एकर इकडचा तिकडे. माणूस किती राबला असेल! माझी कविता त्याच्यापुढे पोरकट वाटली. तिच्यात विहीर आठ कडव्यांत खणून होते.

१९४३ साली ते वारले. गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत वय सत्तर लिहिलं आहे, कारण ‘ताप’, धंदा ‘शेती’.

कागद संपल्यावर मी दौंडला गेलो. तिथे अब्बांची धाकटी बहीण असते, माझी सख्खी फुफी. वय चौऱ्याऐंशी. बहिऱ्या फुफीला पाहिलेलं ते आता एकच माणूस उरलं आहे. मी फेरफाराविषयी काही बोललो नाही. नुसतं विचारलं, ती कशी होती? फुफी बराच वेळ हसत राहिली. म्हणाली, भांडखोर होती. पहाटे मोट सुरू झाली, की थारोळ्यातली पहिली घागर तिची. बडेदादांची सून असो की नात, तिनं भरल्याशिवाय कोणी पाण्याला शिवायचं नाही. एकदा दादीनं चुकून आधी हंडा बुडवला, तर म्हातारीनं तो उचलून धावेवर ओतला आणि पुन्हा भरायला लावला. बडेदादा असताना हे चालायचं आणि ते गेल्यावरही, म्हातारी मरेपर्यंत, १९५१ पर्यंत.

‘का गं असं?’ मी विचारलं.

‘किसको मालूम. कोन पुछा?’ फुफी म्हणाली. ‘पयली घागर उनकीच, बस.’

एवढी साधी गोष्ट मला कोणत्याही कचेरीत मिळाली नसती. दप्तरानं तिचं नाव कंसात घातलं, घरानं तिचं नाव टाकून दिलं, आणि तिनं आपला वाटा रोज पहाटे एक घागर याप्रमाणे वसूल केला. बडेदादांनी कधी अडवलं नाही. त्या भावंडांत काय ठरलं होतं ते त्या दोघांनाच माहीत.

२०२४च्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी खूप खाली गेलं. धरण वजा साठ टक्क्यांच्या आसपास होतं. वजा म्हणजे मृतसाठ्यातलं पाणीही उपसलं जात होतं. अशा वेळी पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडतं, बुडालेल्या गावांचे चौथरे वर येतात आणि लोक गाड्या करून आपापली घरं बघायला जातात. मीही गेलो. हातात सर्व्हे नकाशाची नक्कल आणि खिशात निवाडा. निवाड्यात आमचा संसार लिहिलेला आहे: पक्की विहीर एक, खोली बेचाळीस फूट, कडुलिंब तीन, बोरी चार, बाभळी अकरा, आंबा एक. भेगाळलेल्या गाळावर नकाशा घेऊन हिंडणं म्हणजे वेड्याचं काम. शेवटी आमच्या बांधाशेजारचा एक म्हातारा भेटला. त्यानं नकाशा बघितलाही नाही. काठीनं दाखवलं. ‘ती बघा मुलाण्याची विहीर.’

विहीर गाळानं काठोकाठ भरली होती. काळ्या दगडाचं तोंड तेवढं दिसत होतं, एका बाजूला धावेचा उतार, आणि थारोळ्याचे दोन चिरे. चिऱ्याच्या कडेला घागर टेकून टेकून पडलेला खळगा होता. असे खळगे सगळ्याच थारोळ्यांना असतात. तरी मी तिथे बसलो.

ती कविता मी त्यानंतर म्हटलेली नाही. मागच्या वर्षी एका कार्यक्रमात फर्माईश आली, तेव्हा घसा बसल्याचं सांगितलं.

आता उरलेली गोष्ट सांगतो. सांगायला अवघड आहे. अब्बा १९९८ साली गेले. पुनर्वसनात लाभक्षेत्रात मिळालेली जमीन माझ्या नावावर झाली ती आपाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, हक्कसोडपत्रावर. निबंधकाच्या कचेरीत तिनं सही केली. मी तिला साडी घेतली, रिक्षाचं भाडं दिलं आणि हॉटेलात तिच्या मुलांना आइस्क्रीम खाऊ घातलं. मसुद्यात ‘राजीखुशीने’ हा शब्द होता. तेव्हा तो माझ्या डोळ्यांत भरला नाही. आपानं तो वाचलाही नसेल. तिनं विचारलं एवढंच, की कुठे सही करू?

आणि मुलाच्या दाखल्यासाठी वारसांचं संमतिपत्र लागतं. म्हणजे पुन्हा आपाची सही.

गेल्या महिन्यात बारामतीला तिच्याकडे गेलो. संमतिपत्र पिशवीत होतं, पण आधी १९१९च्या फेरफाराची नक्कल काढली आणि तिला वाचून दाखवली. मग हुकूमनाम्यातलं बैलजोडीचं सांगितलं, दौंडच्या फुफीनं सांगितलेलं घागरीचं सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडायची थांबली नाही. शेवटी तिनं विचारलं, तिचं नाव काय होतं? मी सांगितलं. आपानं ते दोनदा हळू म्हणून बघितलं. ते नाव मी इथे घेत नाही, कारण आमच्या भावकीत बऱ्याच जणांना ते अजून ठाऊक नाही, आणि घरच्यांच्या आधी ते रेडिओवरून कळावं हे बरं दिसत नाही.

मग मी संमतिपत्र पुढे केलं आणि खिशातलं पेन काढलं. आपानं हात पदराला पुसले, कागद घेतला, उलटसुलट बघितला आणि भाजीच्या ताटाखाली सरकवून ठेवला.

‘रखको जा,’ ती म्हणाली. ‘पडको करतूं सही.’